धंद्याची आयडिया तपासायला शिकवणारं मुलांचं वर्कशॉप, कोल्हापूर: दहा दिवस, ४,५०० रुपये आणि हाती काय लागलं

मुलगी जूनमध्ये आठवीत गेली, त्याआधी मे महिन्यात तिला दहा दिवसांच्या एका वर्कशॉपला घातलं होतं. धंद्याची आयडिया सुचली तर ती चालणारी आहे का हे कसं तपासायचं, एवढाच विषय. वय १२ ते १५, राजारामपुरीत एका हॉलमध्ये, सकाळी साडेआठ ते अकरा, फी ४,५००. ऑफिसमधल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी कसं होतं कसं होतं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणलं एकदाच सविस्तर लिहावं. नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या मी वर्कशॉप घेणाऱ्या सरांना समोर बसून सांगितल्यात, त्यांना सुधारायला एक संधी मिळू दे.

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: पहिल्या आठ दिवसांना पाचपैकी पाच, शेवटच्या दोन दिवसांना दोन.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, सोळा वर्षं झाली. समोर रोज कोणी ना कोणी धंद्यासाठी कर्ज मागायला बसलेलं असतं, आणि खरं सांगते, दहातल्या सात जणांना मी विचारलं की दादा एका नगामागं किती सुटतात, तर उत्तर येत नाही. दुकानाचं नाव ठरलेलं असतं, बोर्डाचा रंग ठरलेला असतो, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं ते पण ठरलेलं असतं. माझ्या सख्ख्या भावानं २०१९ मध्ये चहाची फ्रँचायझी घेतली. भाडं, दोन पोरांचे पगार, लाईट, कंपनीचा हप्ता धरून महिन्याला ५०,००० खर्च, आणि दहाच्या कपामागं त्याला सुटायचे ४ रुपये. म्हणजे महिन्याला १२,५०० कप, दिवसाला ४१७ कप खपले तेव्हा कुठं तो शून्यावर येणार. त्याचा खप कधी दीडशेच्या वर गेला नाही. हा भागाकार आठवीतलं पोरगं करतं हो, पण दुकान उघडायच्या आधी आमच्या घरात कोणी केला नाही, मी कर्ज विभागात असून मी पण नाही केला कारण भावाच्या उत्साहावर पाणी कशाला घालायचं असं वाटलं. चार लाख गेले. त्यामुळं सुट्टीत व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमचं मूल उद्याचा सीईओ' टाइपच्या ज्या जाहिराती येतात त्या मी बघत पण नाही, पण या वर्कशॉपच्या जाहिरातीत फक्त एक ओळ होती, आयडिया चांगली की वाईट हे पैसे घालायच्या आधी कसं ओळखायचं, आणि तेवढ्यावर मी फी भरली.

आता शिकवलं काय ते. पहिल्या दिवशी सगळ्या २८ मुलांना आपापली आयडिया चिठ्ठीवर लिहायला लावली आणि चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. मग प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि तीन दिवस दुसऱ्याची आयडिया तपासायची, स्वतःची नाही. मला हे फार आवडलं. या वयात पोरं लगेच मनाला लावून घेतात, तुझी आयडिया बरोबर नाही म्हणलं की तोंड पाडून बसतात, पण दुसऱ्याची तपासताना सगळी एकदम वकील होतात. चौथ्या दिवशी स्वतःची चिठ्ठी परत मिळाली तोपर्यंत प्रश्न विचारायची सवय लागली होती.

प्रश्न चारच. सर आधी इचलकरंजीला यंत्रमागाच्या धंद्यात होते त्यामुळं भाषा एकदम बाजारातली, पोरांना समजणारी. हे कुणाला लागतंय? ते लोक आत्ता त्याच्याशिवाय कसं भागवतायत? एका नगामागं किती सुटतात? आणि महिन्याला किती नग खपले तर सगळा खर्च निघतो? हे चार प्रश्न मुलीनं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलेत, आणि आता घरात कोणी काहीही म्हणलं की दुसरा प्रश्न पहिला येतो. तिचे पप्पा म्हणाले गच्चीवर जिम काढूया, ही म्हणाली आपल्या गल्लीतली माणसं आत्ता काय करतात, तालमीत जातात, रंकाळा तलावावर चालायला जातात, दोन्ही जवळपास फुकट, मग तुमच्याकडं का येतील?

खऱ्या कंपन्यांच्या गोष्टी पण होत्या आणि त्या सांगायची पद्धत चांगली होती, अर्धी सांगून थांबायचं आणि विचारायचं, पैसे घालाल का. ज्यूसेरोची गोष्ट अशीच सांगितली. अमेरिकेतली कंपनी, घरात ज्यूस काढायचं वायफाय असलेलं मशीन, कापलेल्या फळांच्या-भाज्यांच्या बंद पिशव्या कंपनीच देणार, मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी जवळजवळ १२ कोटी डॉलर घातलेले, मशीनची किंमत आधी ६९९ डॉलर आणि मग ३९९. पैसे घालाल का? वीस-बावीस हात वर गेले. मग पुढचं सांगितलं, की एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी दाखवलं की ती पिशवी नुसती हातानं दाबली तरी जवळपास तेवढाच ज्यूस निघतो, आणि सप्टेंबरपर्यंत कंपनी बंद. म्हणजे दुसरा प्रश्न, लोक आत्ता कसं भागवतायत, तो कोणी नीट विचारलाच नव्हता. मुलगी घरी आल्यावर हे सांगताना इतकी रंगली होती की भाजी करपली पण मी गॅसकडं बघितलं नाही.

नॅनोवर तर एक अख्खा तास गेला. २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली तेव्हा लाखाची गाडी म्हणून देशभर गाजली, २००९ ला बाजारात आली, २०१८ ला उत्पादन जवळजवळ थांबलं. पोरांना वाटायचं स्वस्त असलं की खपणारच. पण आपल्याकडं माणूस गाडी कधी घेतो? पेढे वाटतो, हार घालतो, अंबाबाईला नेऊन पूजा करतो, पाहुण्यांना दाखवायला नेतो. त्या माणसाला ही सगळ्यात स्वस्त गाडी आहे असं सांगितलं की त्याच्या आनंदातली अर्धी गोष्ट गेली. सगळ्यात स्वस्त म्हणून ती विकली गेली ही चूक झाली असं खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवलं होतं. गिऱ्हाईक वस्तूबरोबर आणखी काय विकत घेतंय हे बघा, एवढा मुद्दा सरांनी काढला, आणि मला तो पटला कारण आमच्याकडं वाहनकर्जाला येणारी माणसं पण मायलेजच्या आधी रंग सांगतात.

सगळ्यात भारी होता सहावा दिवस. त्या दिवशी सकाळी क्लास नव्हता, संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेलं. बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, तिथं म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, कोल्हापूरची जुनी पद्धत आहे. मुलांच्या जोड्या केल्या, हातात वही, तासाभरात किती जण आले, एकटे आले की घरच्यांना घेऊन, ग्लासावर भागलं की घरी पण नेलं, सगळ्याच्या उभ्या रेघा मारायच्या. आणि प्रश्न असा, की पिशवीतलं दूध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, फ्रिजमध्ये राहतं, मग हा माणूस गाडी काढून इथपर्यंत का येतो? आधी उत्तरं आली ताजं असतं, चव असते, पैलवान पितात. मग एका मुलानं म्हणलं की समोर काढतात म्हणून पाणी घातलंय का हा संशयच राहत नाही, म्हणजे ते दूध विकतायत पण लोक खात्री विकत घेतायत. बारा वर्षांचं पोरगं! त्याचं नाव लिहीत नाही पण त्याच्याबद्दल खाली परत येईन.

तिथल्याच एका दूधवाल्या मामांनी पोरांना अर्धा तास दिला, कोणी पैसे दिले नव्हते की काही नाही, स्वतःहून बोलले. पाऊस लागला की कट्ट्यावर गर्दी कमी होते, पण म्हैस काय म्हणते का आज गिऱ्हाईक नाही तर मी अर्धीच वैरण खाते? वैरण तेवढीच, पेंड तेवढीच, दोन वेळा धार काढायचीच. मग उरलेलं दूध रतीबाला घालायचं, तिथं भाव कमी पण रोजचं ठरलेलं. कायमचा खर्च म्हणजे काय आणि पडत्या दिवसांसाठी दुसरं गिऱ्हाईक का बांधून ठेवायचं हे मी कॉमर्सला तीन वर्षं शिकले, हिला दहा मिनिटांत समजलं. घरी आल्यावर माझी जिमची मेंबरशिप बघून म्हणाली मम्मी तुझी म्हैस वैरण खातीये, तू जा तरी.

आता हिच्या स्वतःच्या आयडियाबद्दल लिहिते, कारण शिकवण्याचा खरा कस तिथं लागला. आमच्या घरी एप्रिलमध्ये वर्षाची चटणी होते, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून, निवडून, वाळवून, कांदा लसूण खोबरं तीळ सगळं भाजून, मग डंक्यावर कुटून आणून. हिची आयडिया होती की पुण्यात हॉस्टेलला राहणाऱ्या पोरांना १०० ग्रॅमचे पाऊच विकायचे, आज्जीची चटणी म्हणून. सामानाचे किलोला ४२०, डंक्याचे ४०, म्हणजे ४६०, पाऊचला ४६. वर पाऊच आणि लेबलचे ६. झाले ५२. विकायचं ८० ला, म्हणजे २८ सुटतात. कायमचा खर्च म्हणून वजनकाटा १,२००, लेबलचं डिझाइन १,५००, आणि खायची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते त्याचे १००. एकूण २,८००. भागिले २८, बरोबर शंभर पाऊच विकले की खर्च निघाला. हिला वाटलं जिंकलोच.

सरांनी वही बघून एकच विचारलं, आज्जीची मजुरी कुठाय?

हिनं सांगितलं आज्जी फुकट करते. सर म्हणाले आज्जी घरासाठी फुकट करते, तुझ्या धंद्यासाठी फुकट करेल का हे तिला विचारलंस का, आणि उद्या आज्जीचे गुडघे दुखले तर बाहेरच्या बाईला किती देशील? मग तिनं हिशोब धरला, दहा किलोला दोन बायका दोन दिवस, ४०० रोजानं १,६००, पाऊचमागं १६. आता सुटतात १२. शंभर पाऊचचे झाले २३४. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या खुर्चीत नीट बसून म्हणाल्या, चारशे? भर उन्हात मिरच्या वाळवायच्या, मिरचीचा ठसका सोसायचा, पाचशेच्या खाली मी नाही बसणार. पोरीनं खोडरबर काढला. मजुरी २,०००, पाऊचमागं २०, सुटतात ८, आणि आता ३५० पाऊच, म्हणजे ३५ किलो चटणी, आमच्या घरी वर्षाला होते दहा किलो.

मी हे लिहिताना पण मला भरून येतंय, कारण माझ्या टेबलासमोर जे घरगुती उद्योगाचे कागद येतात त्यात बायकोची, आईची मजुरी कधीच लिहिलेली नसते. पापड, मसाले, मेस, शिवणकाम, सगळीकडं प्रॉफिट दिसतो तो खरं म्हणजे घरातल्या बाईचा न दिलेला पगार असतो. सरांनी तिथंच लिज्जतची गोष्ट जोडली ती योग्य जागी जोडली. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आणि आजही पद्धत तीच की पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड आणून द्यायचे आणि लाटण्याचे पैसे घ्यायचे, आणि लाटणारी प्रत्येक बाई त्यात मालकीण. म्हणजे मजुरी मोजून सुद्धा धंदा एवढा मोठा होतो, फक्त ती पहिल्या दिवसापासून मोजायला लागते. सासूबाईंना हे हिनं रात्री सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं, मालकीण म्हणजे सगळ्याच?

पुढं कुरियर. एक पाऊच पुण्याला पाठवायचे ६० धरले तर ८ रुपये सुटणाऱ्या वस्तूला काही अर्थच उरत नाही, एका पार्सलमध्ये निदान आठ पाऊच गेले तर कुठं चार रुपये शिल्लक, आणि हॉस्टेलच्या पोराला एका वेळी आठ पाऊच कशाला लागतील.

आणि मग सर्व्हे, हा भाग मला पूर्ण नवीन होता. हिनं आधी मामे-मावस भावंडांना फोन करून विचारलं, आज्जीची चटणी ८० ला घेशील का, सगळे म्हणाले हो गं घेऊ की. अकरातले अकरा. सर म्हणाले ही अकरा उत्तरं फाडून टाक, तू लहान आहेस, गोड आहेस, तुला नाही कोण म्हणेल? घेशील का असं विचारायचं नाही, झालेलं विचारायचं. गेल्या महिन्यात चटणी कधी संपली, संपल्यावर काय केलंस, शेवटची विकत कधी घेतलीस, किती दिलेस. मग परत फोन, आता चौदा जणांना, ओळखीच्यांच्या मित्रांना पण. नऊ जण म्हणाले विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही, आई डबा भरून देते, संपला की गावाकडून येणाऱ्याच्या हातून दुसरा येतो. हिनं वहीत लिहिलंय ते जसंच्या तसं देते: माझी कॉम्पिटिशन दुसरी कंपनी नाही, त्यांच्या आया आहेत आणि त्या फुकट देतात. म्हणजे कोल्हापूरची पोरं हे गिऱ्हाईकच नाही, विदर्भ मराठवाड्याकडची असतील तर बघावं लागेल, आणि त्यांना आपली चटणी आवडते का हे आधी चाखायला देऊन बघायला लागेल.

बाकी मुलांच्या आयडिया पण अशाच चाळून निघाल्या. एकाची होती कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकायची. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नाव घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, २०१९ पासून आपल्याकडं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तरी, त्यामुळं वर्गात या आयडियाला टाळ्या पडल्या. तपासल्यावर कळलं की मागणी आहेच, अडचण मापाची. चामडं घातल्यावर सैल होतं, नवीन असताना चावते, ऑनलाइन घेणारा दोन दिवसांत परत पाठवणार आणि परतीचं कुरियर विकणाऱ्याच्या अंगावर. त्यानं मग आयडिया बदलली, पायाचं माप कागदावर काढून फोटो पाठवायचा आणि मगच चप्पल करायला घ्यायची. दुसऱ्या एका मुलीची, लहान झालेल्या सायकली गल्लीतल्या गल्लीत विकून द्यायच्या आणि मध्ये शंभर-दोनशे घ्यायचे, तिला भांडवल जवळजवळ लागतच नव्हतं, माझ्या मते अख्ख्या बॅचमधली सगळ्यात पक्की आयडिया तीच. आणि एकाचं छत्री भाड्यानं देणारं अ‍ॅप, बस स्टँडवर घ्यायची रंकाळ्यावर ठेवायची. कोल्हापुरात चार महिने पाऊस, घरटी चार छत्र्या आणि वर रेनकोट, दुसऱ्या प्रश्नालाच ती पडली. निदान आठव्या दिवसापर्यंत तरी पडलेली होती.

आता तक्रारी.

नववा दिवस गेला मोठा कॅनव्हास भरण्यात. धंद्याचा सगळा आराखडा एका पानावर मांडायचा नऊ चौकोनांचा इंग्लिश कागद, कॉलेजमध्ये एमबीएला वापरतात तो, आणि तो पण सरांनी नाही, बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी घेतला. व्हॅल्यू प्रपोझिशन, की पार्टनर्स, कस्टमर सेगमेंट, पोरं नुसती शेजारच्याचं बघून चौकोन भरत होती. चार साध्या प्रश्नांत जे आलं होतं तेच इथं अवघड नावांखाली परत. आणि वर ज्या मुलाबद्दल लिहिलं ना, लोक खात्री विकत घेतायत म्हणणारा, तो महापालिकेच्या शाळेत मराठी मीडियमला आहे, त्या दिवशी अडीच तासांत तो एक शब्द बोलला नाही असं मुलगी म्हणाली. याचं मला फार वाईट वाटलं. ज्याला बाजार सगळ्यात चांगला कळतो त्याला तुम्ही कागदाच्या भाषेनं गप्प केलंत.

आणि दहावा दिवस, पिच डे, म्हणजे आपली आयडिया सगळ्यांसमोर मांडायचा दिवस. स्टेज, माईक, पालक समोर, टीव्हीवरच्या शोसारखे तीन जज, मोठे पुठ्ठ्याचे चेक. प्रत्येकाला तीन मिनिटं. बक्षीस कोणाला? छत्री अ‍ॅपला. तो मुलगा धीट आहे, छान बोलला, छत्री उघडून एंट्री घेतली, त्याचं कौतुकच आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आठ दिवस जी आयडिया मुलांनी स्वतः तपासून बाजूला ठेवली तिलाच मोठ्यांनी हार घातला की पोरांनी काय समजायचं? माझ्या मुलीनं उभं राहून सांगितलं की मी तपासलं, आत्ता ही आयडिया करू नये असं माझं मत आहे, आणि कारणं अशी अशी, आज्जीच्या मजुरीसकट. एक जज म्हणाले, बेटा निगेटिव्ह नाही बोलायचं, स्वप्न मोठं बघायचं. ती रडली नाही पण गाडीवर घरी येईपर्यंत गप्प होती, आणि घरी आल्यावर विचारलं, मम्मी मग मी खोटं सांगायला पाहिजे होतं का?

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून सरांना भेटले. भांडायला नाही, पण बोलायलाच पाहिजे होतं. चार लाख घालून दुकान बंद करणाऱ्या माणसाला कोणीतरी आधी नको म्हणायला पाहिजे असतं, आणि ही तेरा वर्षांची मुलगी स्वतःला आकडे मांडून नको म्हणाली, तिच्यासाठी टाळ्या वाजायला हव्या होत्या. सरांनी ऐकून घेतलं, मान्य पण केलं. म्हणाले पालकांना शेवटी काहीतरी बघायला लागतं, स्टेज नसेल तर पुढच्या वर्षी ॲडमिशन होत नाहीत. मी म्हणलं वह्या मांडून ठेवा टेबलावर, आम्ही वाचू. पुढच्या बॅचला शेवटच्या दिवशी मुलांनी पालकांना आपला हिशोब समजावून सांगायचा आणि करावं, करू नये, बदलून करावं यातलं एक सांगायचं, असं ते करणार आहेत म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत बॅच आहे, केलं तर मी इथं अपडेट टाकीन.

छोट्या गोष्टी: २८ मुलं एका माणसाला जास्त आहेत, वीसच्या वर घेऊ नयेत. हॉलला दोनच पंखे, मे महिन्यात दहानंतर बसवत नाही. वर्कशॉप संपल्यापासून ॲडव्हान्स कोर्सचे मेसेज आठवड्याला दोन येतात, ते नको. खाली गाडी लावायला जागा नाही. मुलांच्या नावावर धंदा करता येतो का असं एका पालकांनी विचारलं होतं, तर अठराच्या आत करार कायद्यानं धरत नाहीत, सगळं आईवडिलांच्या नावावर, हे सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं ते बरं केलं. शाळेतून पण असं काही व्हायला हवं खरं म्हणजे, नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवलेच आहेत, त्यातले दोन दिवस जरी मुलं एखाद्या दुकानाच्या गल्ल्यामागं बसली आणि हिशोब बघितला तरी खूप.

तुमच्या गावात असं काही असेल तर फी भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा. मुलांना खऱ्या बाजारात नेणार का, आणि शेवटी बक्षीस कशाला देता, बोलण्याला की तपासण्याला. पहिल्याचं उत्तर नाही आलं तर नका घालू. सातवीच्या आत घाई करू नका, टक्केवारी आणि भागाकार हातात पक्का बसलेला लागतो नाहीतर मूल आकड्यांतच अडकतं. आमच्या बॅचमध्ये सहावीतून नुकतीच पास झालेली तीन मुलं होती, त्यांना कट्ट्यावर मजा आली पण हिशोबाच्या दिवशी ती मागं पडली. चौकटीची वही आणि साधा कॅल्क्युलेटर द्या बरोबर, मोबाईल आत घेऊ देत नाहीत.

चटणीचं म्हणाल तर ती अजून वहीतच आहे. नागपूरकडची दोन मुलं भाच्याच्या रूमवर आहेत, त्यांच्यासाठी चाखायला म्हणून जूनमध्ये दोन डब्या पाठवल्या, उत्तर यायचंय. आज्जीचे त्या डब्यांमागचे पैसे हिनं खाऊच्या पैशातून दिले, आणि सासूबाईंनी ते घेतले.